मानेतली गाठ

(दहावी १९९५ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं हे भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट लिहून काढलं आहे. मध्येमध्ये पडलेले शेरे गाळले आहेत, एक सोडून.)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, वीस मिनिटं एआयवर बोल. मी हो म्हटलं. मग विचार केला, आपला ग्रुप सुरू झाल्यापासून एआयबद्दल मला एकानेही काही विचारलेलं नाही. पण तिघांनी ग्रुप सोडून वेगळा मेसेज करून विचारलं आहे, "तुला मानेला गाठ झाली होती ना? आमच्या पोराच्या गळ्यालाही लागतेय, काय करू?" म्हणून मी विषय बदलला. संयोजकांना हे आत्ताच कळतंय, त्यांनी माफ करावं.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. भाषण लिहिल्यावर मी ते आपल्या वर्गातल्या डॉक्टर मैत्रिणीला दाखवलं. तिने दोन ठिकाणी लाल पेन चालवलं, अगदी आपल्या गणिताच्या सरांसारखं. तेव्हा चुका तिने काढल्यात, राहिल्या असतील तर त्या माझ्या.

सुरुवात सप्टेंबर १९९४ पासून करावी लागेल. आपण दहावीत होतो. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं. ऑगस्टच्या अखेरीस बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडल्याची बातमी आली. मामला आपल्यापासून दीडशेएक किलोमीटर. भूकंपानंतर लोक घराबाहेर झोपू लागले, बंद घरांत धान्य पडून राहिलं आणि उंदीर माजले, असं तेव्हा कारण सांगितलं गेलं. मग गणपती झाले आणि सुरतेहून बातम्या यायला लागल्या. तिथला प्लेग फुप्फुसाचा होता. माणसं मिळेल त्या गाडीने सुरत सोडत होती. आपल्याकडे औषधाच्या दुकानांत टेट्रासायक्लिन संपलं. एस.टी. स्टँडवर लोक नाकाला रुमाल बांधून उभे राहायचे. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेल्या गोष्टी सांगायची, की गाठीच्या साथीत गाव रिकामं करून लोक रानात झोपड्या घालून राहायचे, आणि कुणाच्या काखेत गाठ आली की घरचे सुद्धा लांबून भाकरी सरकवायचे.

त्या दिवसांत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने मधल्या सुट्टीत मला मान दाखवली. मागच्या बाजूला, केसांच्या रेषेखाली, हरभऱ्याएवढ्या दोन गाठी होत्या. वेणी घालताना आईच्या हाताला लागल्या म्हणाली. "हात लावून बघ ना," म्हणाली. मी हात लावला नाही. मी उठले आणि दुसरीला सांगितलं. पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला माहीत होतं. मी दप्तर उचललं आणि पलीकडच्या रांगेत जाऊन बसले. तीन दिवस ती त्या बाकावर एकटी होती. चौथ्या दिवशी तिचे वडील येऊन तिला घरी घेऊन गेले.

ती दिवाळीनंतर आली, केस बारीक कापलेले. प्लेग नव्हता. डोक्यात उवा झाल्या होत्या, खाजवून खाजवून फोड आले होते, ते पिकले होते. डॉक्टरांनी डोक्याला औषध दिलं, गाठी पंधरा दिवसांत बसल्या. पण सहामाही बुडाली. आपल्या वर्गात पहिला नंबर तिचा असायचा, माझा दुसरा. त्या सहामाहीला माझा पहिला आला. ते प्रगतिपुस्तक आईने अजून जपून ठेवलं आहे.

ती इथे बसली आहे. तिच्या परवानगीने बोलते आहे, नाव न घेण्याच्या अटीवर. आपल्या वर्गाला नाव सांगायची गरजही नाही.

आता त्या गाठी म्हणजे काय ते सांगते, कारण तेव्हा एवढं कळलं असतं तरी मी दप्तर उचललं नसतं. आपल्या अंगात रक्तवाहिन्यांसारखंच दुसरं एक नळ्यांचं जाळं असतं. त्यातून लसिका नावाचा फिकट द्रव वाहतो. या नळ्यांवर जागोजागी नाके असतात, पूर्वी गावाबाहेर जकात नाके असायचे तसे. त्या लसिका ग्रंथी. साऱ्या अंगात शेकड्यांनी असतात आणि त्यांतला मोठा वाटा एकट्या मानेत आणि जबड्याखाली. कारण नाक आणि तोंड हे आपले सदा उघडे दरवाजे. आत आलेला जंतू या नाक्यावर अडवला जातो. तिथे पांढऱ्या पेशी जमतात, वाढतात, झटापट होते आणि नाका सुजतो. आपण म्हणतो, गाठ आली. पायाला काटा लागून पिकला की जांघेत अवधाण येतं, ते आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मानेतली गाठ म्हणजे डोक्याचं, तोंडाचं, घशाचं अवधाण.

आणि प्रत्येक नाक्याला त्याचा इलाखा ठरलेला आहे. मला हे कळलं तेव्हा फार गंमत वाटली, कारण आमच्या धंद्यात सगळं काम असंच चालतं. चूक जिथे दिसते तिथे ती झालेली नसते, मागे मागे शोधत जावं लागतं. कानामागे आणि मानेच्या मागे गाठ आली तर डोकं बघा, म्हणजे उवा, कोंडा, गळू. जबड्याच्या हाडाखाली असेल तर दात, हिरड्या, जीभ. हनुवटीखाली असेल तर खालचा ओठ आणि पुढचे दात. जबड्याच्या कोपऱ्यामागे असेल तर टॉन्सिल. ती दाढ किडलेली आणि आपण गाठीवर लेप लावत बसतो, असं घरोघरी चालतं. गळ्याखाली जे आडवं हाड खांद्याकडे जातं, त्याच्या वरच्या खळग्यातली गाठ मात्र वेगळी. तिचा इलाखा छाती आणि पोटापर्यंत जातो, म्हणून तिथली गाठ डॉक्टर कधीच हसण्यावारी नेत नाहीत.

प्लेगचंही तेच. प्लेगचा पिसू बहुधा पायाला चावतो, म्हणून गाठ बहुधा जांघेत येते. ती प्रचंड दुखते, आणि बरोबर सणसणून ताप असतो. आपल्या मैत्रिणीला ताप नव्हता. दुखतही नव्हतं फारसं. तिच्या डोक्यावरचे फोड रोज तिच्या शेजारी बसणाऱ्या मला दिसत होते. एवढंच नाही, नुसत्या गाठीचा प्लेग शेजारी बसल्याने सहसा लागतच नाही. तो फुप्फुसात उतरला तर खोकल्यातून लागतो. पण हे विचारणार कोण? पंधरा वर्षांच्या आम्ही, आणि मोठी माणसं आमच्याहून घाबरलेली.

लहान मुलांबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडं. शाळेत जाणाऱ्या पोराच्या मानेत चाचपडलं की हरभऱ्याएवढ्या, हलणाऱ्या गाठी बऱ्याचदा लागतात. सर्दी-खोकल्यात वाढतात, नंतर आठवड्यांनी बसतात. त्या रोज दाबून बघू नका, दाबून दाबूनच दुखायला लागतात. गालगुंड ही निराळी भानगड. ती लसिका ग्रंथी नव्हे, कानापुढची लाळग्रंथी सुजते. जबड्याचा कोपरा दिसेनासा होतो, कानाची पाळी वर उचलली जाते, आंबट खाल्लं की कळ येते. आपल्या वेळी गेरूचा लेप लावून घरी बसवायचे आणि बहुतेक जण बरे व्हायचे. पण कधीकधी त्यात कानाने ऐकू येणं जातं, मोठ्या मुलांच्या वृषणांना सूज येते. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, तिच्यात गालगुंडाची नाही. ती हवी असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआर मागावी लागते. नातवंडं होण्याच्या वयात आलेल्या काही जणांनी हे लिहून घ्यावं. आपल्या बॅचमध्ये एक आजी झालेली आहे, मी कुणाकडे बघत नाही.

आता माझी गाठ.

२०१९ चा जून. पुण्यात ऑफिसला जाताना ओळखपत्राची नाडी गळ्यात घातली आणि उजव्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं. सुपारीएवढं. दुखत नव्हतं. जवळच्या एका दवाखान्यात गेले, पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. गाठ तशीच. दुसऱ्या, जास्त जोराच्या गोळ्या मिळाल्या. थोडं बरं वाटलं, मग पुन्हा तेच. काही अँटिबायोटिकं टीबीच्या जंतूलाही थोडी दाबतात आणि खरं निदान लांबतं, हे मला नंतर कळलं. दरम्यान माझं वजन चार किलोने उतरलं होतं. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारत होत्या, कुठलं डाएट करतेस? आणि मी खूश. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ते मी कामाच्या ताणावर ढकललं. रात्री मात्र मोबाइलवर गाठ, गाठ, गाठ असं शोधत तीन-तीन वाजेपर्यंत जागायची. दिवसा लोकांना शिकवते की माहिती आणि निदान यांत फरक असतो, आणि रात्री स्वतःला कॅन्सर ठरवून मुलीच्या बारावीपर्यंतचे हिशेब मांडत बसायची.

सात आठवड्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेले. त्यांनी सुईची तपासणी केली. इंजेक्शनच्या सुईने गाठीतून थोडा अंश काढतात, भूल लागत नाही, दहा मिनिटांचं काम. सुईने गाठ चिघळते, पसरते अशी आपल्याकडे फार भीती आहे, आणि त्या भीतीपायी लोक महिनोन्‌महिने घालवतात. माझ्या आत्याने फोनवर सांगितलं होतं, सुई लावू देऊ नको, त्यापेक्षा बिब्बा घालून घे. बिब्ब्याने कातडी जळते, गाठ आहे तिथेच राहते. काढलेला अर्धा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली गेला, अर्धा सीबीनॅट नावाच्या यंत्रात. ते यंत्र टीबीचा जंतू आहे का, आणि तो रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देईल का, हे दोन्ही सांगतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. टीबी आहे, औषध चालेल.

आपल्या आज्या जिला गंडमाळ म्हणायच्या, ती हीच. एकेकाळी इंग्लंडात या रोगाला राजाचा रोग म्हणत, राजाने हात लावला की बरा होतो अशी समजूत होती. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन, इंग्रजीचा मोठा कोशकार, दोन-अडीच वर्षांचा असताना १७१२ मध्ये त्याला राणी ॲनच्या हाताखालून घालून आणलं होतं. बरा काही झाला नाही, मानेवरचे व्रण जन्मभर राहिले. मला सहा महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. सुरुवातीचे दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली आणि मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते हसले, म्हणाले, गोळी पोटात गेल्याची पावती आहे ती. दुसऱ्या महिन्यात गाठ कमी व्हायच्या ऐवजी वाढली. तेही होतं म्हणे, मेलेल्या जंतूंवर शरीर चवताळतं. अशा वेळी पुष्कळ जण औषध लागू पडत नाही म्हणून सोडून देतात. मी सोडलं नाही, कारण विचारलं. विचारायला फोन होता म्हणून.

एक्स-रे स्वच्छ होता. फुप्फुसात काही नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नुसत्या गाठीतला टीबी श्वासातून, खोकल्यातून कुणाला लागत नाही, मुलीला जवळ घेऊन झोपा. आणि तरी मी घरी येऊन माझा पेला वेगळा केला. सासूबाईंना थायरॉईड सांगितलं. ऑफिसात थायरॉईड सांगितलं. महापालिकेच्या क्षयरोग विभागातून एका माणसाचा फोन आला. प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करावीच लागते, आणि औषध चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला पाचशे रुपये खात्यात येतात. आता ते हजार झाले आहेत. तो बिचारा विचारत होता, ताई, गोळ्या वेळेवर चालल्यात का? मी त्याला दटावलं, ऑफिसच्या वेळेत फोन करायचा नाही. इंजिनिअर बाई, इंग्रजीत पगार घेणारी, आणि भीती हीच की शेजारची खुर्ची सरकेल.

खुर्ची सरकेल हे मनात आलं आणि तो बाक आठवला. पंचवीस वर्षांत कधी आठवला नव्हता, खोटं कशाला बोलू. मी तिचा नंबर शोधला. ती वैजापूरला असते. सांगितलं, मला मानेला गाठ झालीय. तिने पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या बाजूला?" दुसरा, "दुखते का गं?" घरात मला सगळ्यांनी विचारलं होतं, काय निघालं? दुखते का, हे कुणी विचारलं नव्हतं. मग मी म्हटलं, तू विसरली असशील, पण तेव्हा मी बाक बदलला होता. ती म्हणाली, "विसरेन कशी? तुझी कंपासपेटी माझ्याकडेच राहिली होती. तीसुद्धा न्यायला आली नाहीस." मी विचारलं, कुठाय ती? "धाकट्या बहिणीला दिली," म्हणाली. "तिची दहावी झाली तिच्यावर."

त्या आठवड्यात मी ऑफिसात माझ्या टीमला सांगितलं. कुणी खुर्ची सरकवली नाही. एकाने दुसऱ्या दिवशी येऊन हळूच सांगितलं, माझ्या बायकोचीही चालू आहेत तीच औषधं, आम्ही कुणाला सांगितलं नाही.

दारात चार फोटो लावले आहेत. हार घालताना आपण सगळे तिसऱ्या फोटोपाशी जरा जास्त थांबलो. तो वाळूजला कंपनीत होता. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून पुडी, आणि मग दिवसाही पुडी. जबड्याखाली गाठ आली तेव्हा त्याने ती मला दाखवली होती, एका लग्नात. मी म्हटलं, दाखवून घे. तो म्हणाला, "दुखत नाही ना, मग काय!" आणि मी पुढे काही बोलले नाही, कारण जेवणाची पंगत बसत होती. दुखणारी गाठ बहुतेक वेळा जंतूंशी भांडत असते. न दुखणारी, टणक, बुडाशी चिकटलेली, हलेनाशी झालेली गाठ, आणि तीही तंबाखू खाणाऱ्याच्या मानेत, तिच्यासाठी एक दिवससुद्धा थांबू नये. तोंडाचा कॅन्सर पसरताना आधी याच नाक्यांवर येतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांनी पाचशे रुग्णांवरचा अभ्यास २०१५ मध्ये मांडला. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा आहे, मानेत गाठ हाताला लागतही नाही, अशा लोकांचे दोन गट केले होते. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढल्या, दुसऱ्यात गाठ दिसेपर्यंत वाट पाहिली. तीन वर्षांनी पहिल्या गटातले शंभरात ऐंशी जिवंत होते, दुसऱ्यातले साडेसदुसष्ट. म्हणजे हाताला लागायच्या आधीच काही वेळा ती तिथे असते. जगभरच्या डॉक्टरांनी तो अभ्यास वाचला. आपल्या टपऱ्यांवर २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, आणि सकाळी गाडी लावताना फाटकाजवळ मी सहा रिकाम्या पुड्या मोजल्या. तोंडात चट्टा, जखम भरत नाही, तोंड पुरतं उघडत नाही, असं काही असेल तर संभाजीनगरला आमखासजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, घाटी आहे. एका दिवसाचा खाडा पडेल.

(इथे सर मागून म्हणाले, "अगं, किती दिवस थांबायचं ते सांग. परीक्षेला तेच येतं!" तो हा गाळला नाही तो शेरा.)

सर, दोन ते तीन आठवडे. घसा, दात, डोकं, असं कारण सापडलं असेल आणि गाठ उतरत असेल तर तेवढं थांबायला हरकत नाही. तेवढ्यात बसली नाही तर दाखवायची, आणि डॉक्टर सुईची तपासणी म्हणाले तर हो म्हणायचं. वजन उतरतंय, रात्री घामाने अंथरूण भिजतंय, संध्याकाळी ताप येतोय, गाठ टणक आहे किंवा त्या आडव्या हाडाच्या वर आहे, यातलं एक जरी असलं तरी थांबायचं नाही. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर त्याच दिवशी जायचं. आणि गाठ कमी होवो, वाढो, गोळ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंद करायच्या नाहीत.

सकाळी आपण सगळे आपल्या जुन्या वर्गात फोटोसाठी गेलो. बाक नवीन आहेत, लोखंडी. ती खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसली होती. मी दारात जरा थांबले. तिने पर्स उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "ये ना, जागा आहे." मग बसल्या बसल्या तिने विचारलं, गाठ आता लागते का? मी म्हटलं, बारीक लागते अजून, वाटाण्याएवढी. डॉक्टर म्हणतात ती तशीच राहील. "बघू," म्हणाली, आणि तिने हात लावून बघितलं.